कान, डोळे आणि सुट्टीतली पुस्तके

एप्रिलच्या अखेरीस परीक्षा आटोपल्या की घरोघरी, शाळांतून आणि ग्रंथालयांतून उन्हाळ्यातल्या वाचनाच्या याद्या होऊ लागतात, आणि अलीकडे त्यांच्या पाठोपाठ एक वादही ठरल्यासारखा हजर होतो : ऑडिओबुक ऐकून संपवलेले पुस्तक वाचलेल्या पुस्तकांत धरायचे की नाही? एक पक्ष म्हणतो, ऐकणे ही आळशांची पळवाट आहे. पुस्तक हातात धरायला नको, डोळ्यांना ताण नको, भाजी निवडता निवडता साहित्याचे पुण्य मात्र पदरात हवे. दुसरा पक्ष म्हणतो, आपली सारी परंपराच ऐकण्याची आहे, छापील पुस्तकाचे वय ते काय, तेव्हा ऐकणाऱ्याने कुणापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. पहिल्याला वाचनाची चिंता आहे असे वरवर वाटते, पण त्याला खरी काळजी आहे ती वाचक म्हणून मिळणाऱ्या प्रतिष्ठेची. दुसऱ्याच्या तोंडी परंपरा आहे, पण त्याला हवी आहे ती सवलत. पुस्तक कोणत्या दाराने आत शिरले याचा हिशोब दोघेही ठेवतात, आणि आत शिरल्यावर त्याचे काय झाले हे कुणीच विचारत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पूर्ण पुस्तक, लक्ष देऊन, वाचणाऱ्याच्या स्वाभाविक गतीने ऐकले असेल तर ते वाचले असे म्हणायला कसलाही संकोच नको. काटछाट केलेले, दुप्पट वेगाने पळवलेले किंवा अर्ध्या लक्षाने कानावरून गेलेले पुस्तक वाचले असे म्हणू नये, आणि पाने उलटत डोळ्यांनी 'संपवणाऱ्या' माणसालाही तोच नियम लावावा. याला एकच मोठा अपवाद आहे : ज्या मुलाला अजून सलग वाचता येत नाही त्याच्या बाबतीत कान डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. त्या अपवादाकडे पुढे येईन, कारण सुट्टीच्या याद्या करताना नेमका तोच विसरला जातो.

हा वाद मराठीत नव्याने तापण्याचे कारण उघड आहे. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली तेव्हा तिच्या पहिल्या भाषांत इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीला मराठी होती. त्यानंतर कथा-कादंबऱ्या, चरित्रे आणि खास ऐकण्यासाठीच लिहिलेल्या मालिका यांची मराठीत रीघ लागली. त्याआधी पु. ल. देशपांड्यांच्या कॅसेटी घराघरांत वाजत होत्या, मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगावी कथाकथन करत फिरत होते, आकाशवाणीवर अभिवाचने होत होती, आणि तेव्हा कुणी 'हे वाचन आहे का' असे विचारत नव्हते, कारण ते सारे पुस्तकाच्या बरोबरीने चालले होते. आता फोनमधला आवाज पुस्तकाच्या ऐवजी येऊ पाहतो आहे. शंका त्यातून निर्माण झाली आहे आणि ती रास्त आहे. तिच्यावर दिली जाणारी उत्तरे तेवढी रास्त नाहीत.

इंद्रियाला प्रतिष्ठा देण्याची खोड आपल्याकडे किती जुनी आहे आणि ती किती सहज उलटी फिरू शकते, हे पाहायचे तर 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्रावरच्या ग्रंथातला एक श्लोक पुरेसा आहे. त्यात सहा अधम पाठक सांगितले आहेत : गाण्याच्या चालीवर म्हणणारा, घाईघाईने म्हणणारा, मान हलवत म्हणणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि दबक्या आवाजाचा. म्हणजे ज्या कृतीला आज आपण खरे वाचन म्हणून मिरवतो, ती पोथीत डोळे घालून वाचण्याची कृती तिथे अधमांच्या पंक्तीत बसली आहे; गुरुमुखातून ऐकून जे कंठस्थ झाले तेच खरे. त्या काळच्या पंडिताला आजचा ग्रंथालयातला वाचक बहुधा पळवाट काढणाराच वाटला असता. एका काळी लिहिलेले हलके, दुसऱ्या काळी ऐकलेले हलके. मग या प्रतवारीत ज्ञानाचा भाग किती आणि ज्याच्या हाती जे साधन होते त्याच्या मिजाशीचा भाग किती? मात्र त्या यादीतले दुसरे आणि पाचवे नाव, घाई करणारा आणि अर्थ न जाणणारा, ध्यानात ठेवावे. ती दोन्ही माणसे आज ऑडिओबुकांच्या जगात नव्या रूपात अवतरली आहेत.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनाही मी सहजासहजी सोडणार नाही. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, आणि पुढे शतकानुशतके बहुतेकांनी ती पारायणांत आणि कीर्तनांत कानांनीच घेतली, हे खरे आहे. पण ते ऐकणे आणि लोकलच्या गर्दीत कानात बोंडे खुपसून ऐकणे एकच आहे काय? ज्ञानेश्वरांसमोर श्रोते बसले होते. ते त्यांना विनवतात, त्यांची क्षमा मागतात, विषय लांबला तर ते श्रोत्यांच्याच तोंडून स्वतःला आवरायला सांगतात. सभेतल्या श्रोत्याला शंका विचारता येत होती, शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर अर्थ उमटलेला दिसत होता, आणि तीच ओवी पुढल्या एकादशीला पुन्हा कानावर पडणार होती. हेडफोनमधल्या श्रोत्याला यातले काहीच मिळत नाही. तो छापील पुस्तकाच्या वाचकाइतकाच एकटा असतो, आणि म्हणून 'आपली परंपरा मौखिक आहे' एवढ्या बळावर ऑडिओबुकाचे समर्थन उभे राहत नाही.

मात्र ज्ञानेश्वरीतून एक गोष्ट घेता येते. नववा अध्याय सुरू होतो तो एका अटीने : 'तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होइजे'. अट एकच आहे आणि ती लक्षाची आहे. पोथी जवळ असावी, अक्षरओळख असावी, अमुक आसनावर बसावे असे काही त्यात नाही. सव्वासातशेहून अधिक वर्षांपूर्वी श्रोत्यांकडून जे मागितले गेले तेवढेच आज ऑडिओबुकवाल्याकडून मागावे, आणि छापील पुस्तकवाल्याकडूनही.

ऐकलेले दुय्यमच, असे म्हणणाऱ्यांनी महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची हकीकत आठवावी. १८८३ सालचा हा ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिला होता त्यांना वाचता येत नव्हते. पुढे १९०१ च्या जनगणनेतसुद्धा साऱ्या हिंदुस्थानात शंभरांत पाच-सहा माणसेच साक्षर निघाली, तर त्याच्या वीस वर्षे आधी जुन्नर-ओतूरच्या शेतकऱ्याची काय कथा. फुल्यांनी हा ग्रंथ मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो त्यांच्याकडून वाचवून साद्यंत, लक्षपूर्वक ऐकला असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. साक्षर राजा आणि निरक्षर शेतकरी या दोघांनी हे पुस्तक एकाच मार्गाने घेतले. ओतूरच्या चावडीवर बसून आपल्याच कर्जाची, आपल्याच लुबाडणुकीची मीमांसा ऐकणाऱ्या त्या माणसाने 'असूड' वाचला नाही, असे म्हणण्याची हिंमत कुणाला आहे? आणि उलट, ग्रंथसंग्रहालयात त्याची पाने चाळून उद्धरणापुरती दोन वाक्ये टिपून घेणाऱ्याने तो वाचला, असे कशाच्या आधारे म्हणायचे?

कामे करता करता ऐकणे म्हणजे पुस्तकाचा अपमान, हा आक्षेप मला सर्वांत कमी वजनाचा वाटतो. तो हमखास त्यांच्याकडून येतो ज्यांचे हात दिवसभर मोकळे असतात. क्युबातल्या हव्हाना शहराच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून वाचक नेमण्याची प्रथा सुरू झाली. कामगार तंबाखूची पाने वळत बसत आणि उंच जागी बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा मोबदला कामगार आपल्या मजुरीतून देत. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या स्पॅनिश सरकारला हे वाचन इतके झोंबले की दुसऱ्याच वर्षी त्याने त्यावर बंदी घातली. निरुपद्रवी करमणुकीवर सरकारे बंदी घालत नसतात. केरळात कण्णूरच्या बिडी कारखान्यांतही हेच चालत असे : एकाने वर्तमानपत्र किंवा पुस्तक वाचायचे, आणि त्याच्या वाट्याच्या बिड्या बाकीच्यांनी वळून पुऱ्या करायच्या. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बायकांनी ओव्या रचल्या आणि ऐकल्या त्या पहाटेच्या दळणाच्या कामातच. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून गोळा केलेल्या अशा ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. हातांचे काम एकसुरी असले की कान मोकळे राहतात, हे त्या बायकांना कुणी शिकवावे लागले नाही. पण कामही शब्दांचेच असेल, म्हणजे ईमेल लिहिता लिहिता किंवा मुलाचा अभ्यास घेता घेता कादंबरी चालू असेल, तर तिथे ऐकणे नावाचे काही घडतच नाही. पोळ्या लाटताना मी एक जाडजूड चरित्र नीट ऐकले आहे आणि व्हॉट्सअॅपवर निरोप धाडता धाडता त्याच चरित्रातले अख्खे प्रकरण हरवूनही बसलो आहे.

आता विरोधकांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो. छापील पान वाचकाच्या ताब्यात असते. वाक्य अवघड आले की डोळा आपोआप थबकतो, मागे जातो, समासात खूण करतो, दोन परिच्छेद ताडून पाहतो. आवाज थांबत नाही. यावर 'पाहिजे तेव्हा तीस सेकंद मागे जाता येते' असे उत्तर दिले जाते, पण ते उत्तर फसवे आहे. डोळ्याला मागे जायला निर्णय घ्यावा लागत नाही, बोटाला घ्यावा लागतो, आणि म्हणून आपण सहसा मागे जात नाही. संशोधनही इथे विरोधकांना बरीच साथ देते. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अभ्यासाचा एकच मजकूर काही विद्यार्थ्यांनी वाचला आणि काहींनी ऐकला, तेव्हा ऐकणारे चाचणीत स्पष्टपणे मागे पडले. २०२२ मध्ये अशा शेहेचाळीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात वाचन आणि श्रवण यांच्या एकूण आकलनात फरक दिसला नाही, पण वाचकाला आपल्या गतीने वाचायची मुभा असली, किंवा मजकुरात न सांगितलेला निष्कर्ष काढायचा असला, तिथे वाचनाचे पारडे जड राहिले.

हे मी मान्य करतो. यातून निघते ते एवढेच की काही पुस्तके डोळ्यांनीच वाचावीत, आणि ती कोणती हे ओळखणे अवघड नाही. मराठ्यांच्या इतिहासावरचा एखादा साधार ग्रंथ ऐकायला घ्या. 'शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी' असे निवेदक म्हणतो, त्यामागून पत्राचा मजकूर येतो, मग तळटीप, मग तळटीपेतले दुसरे पत्र, आणि पाच मिनिटांत कोण कुणाला केव्हा काय लिहितो आहे याचा पत्ता उरत नाही. समोर नकाशा नाही, वंशावळ नाही, परत जायला पान नाही. कायद्याचे, अर्थशास्त्राचे, वादविवादाचे लेखन असेच. कविता तर कधी कधी मुळातच पानासाठी असते : अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'त (१९७६) उड्या मारणाऱ्या कोंबड्यांच्या जागी शब्दच पानावर वरखाली उधळलेले दिसतात, ते कुठल्या आवाजाने वाचून दाखवायचे? पण ज्या गद्याचा पिंडच सांगण्याचा आहे, ते कानाला अधिक उलगडते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी अनेकदा डोळ्यांनी वाचली होती. ऐकताना प्रथमच जाणवले की तिथे विनोद वाक्याच्या शेवटी येत नाही, तो मधल्या एखाद्या साध्या क्रियापदावर घसरून पडतो, आणि डोळा नेमका त्यावरून भरभर पुढे जात असतो. सोपे दिसणारे गद्य डोळा वेगाने खातो. कानाला ती सोय नसते, आणि कानाच्या या गैरसोयीमुळेच मला ते पुस्तक पुन्हा मिळाले.

पळवाटीचा आरोप तर साध्या हिशोबातच कोसळतो. इंग्रजीत मनातल्या मनात वाचणारा सामान्य प्रौढ वाचक मिनिटाला सुमारे २४० शब्द वाचतो असे मापन आहे; ऑडिओबुकाचा निवेदक साधारण दीडशेच्या घरात बोलतो. मराठीतले आकडे वेगळे असतील, पण तोंड डोळ्याच्या मागे राहणार हे कोणत्याही भाषेत ठरलेलेच. म्हणजे तीनशे पानांचे पुस्तक ऐकणारा माणूस ते वाचणाऱ्यापेक्षा त्याला जास्त वेळ देत असतो. जास्त वेळ घेणारी पळवाट कुणी पाहिली आहे काय? पळवाट आहे ती वेगाच्या बटणात. दीडपट, पावणेदोनपट, दुप्पट अशा पट्टीवर निवेदकाचे विराम आधी मरतात, मग वाक्यांचे चढउतार जातात, आणि शेवटी उरतो तो कथानकाचा सारांश. 'पाणिनीय शिक्षे'ने 'शीघ्री', म्हणजे घाई करणारा, म्हणून ज्याला अधम ठरवले तो हाच. 'वर्षात शंभर पुस्तके'वाल्यांचा आणि पंधरा मिनिटांत पुस्तकाचे सार पाजणाऱ्या अॅपांचा पंथही याच कुळातला. मला आश्चर्य वाटते ते याचे, की वाचनसंस्कृतीच्या नावाने गळा काढणारे या साराच्या धंद्याविषयी फारसे बोलत नाहीत आणि आठशे पानांची कादंबरी अथपासून इतिपर्यंत निमूट ऐकणाऱ्या माणसाला मात्र जाब विचारतात.

दुसरा वजनदार आक्षेप निवेदकाविषयी आहे : पुस्तक आणि माझ्यामध्ये हा तिसरा माणूस कशाला? त्याने एखाद्या पात्राला चिरका आवाज दिला की ते पात्र माझ्यापुरते कायमचे चिरके झाले. खरे आहे. पु. लं.चे अभिवाचन ऐकलेल्या पिढीला 'बटाट्याची चाळ' आता दुसऱ्या कुठल्याही आवाजात वाचता येत नाही. ही श्रीमंती आहे आणि थोडी कैदही. पण मध्ये तिसरा माणूस नसलेले पुस्तक तरी कुठे आहे? भाषांतरकार, संपादक, मुखपृष्ठाचा चित्रकार हे सारे आपल्या आधी त्या मजकुरापाशी पोचलेले असतात. शिवाय प्रमाण मराठीत वाढलेल्या वाचकाच्या मनातला आवाज फार तोकडा असतो, ही गोष्ट आपण कबूल करत नाही. खानदेशी, वऱ्हाडी किंवा मालवणी संवाद तो डोळ्यांनी वाचतो तेव्हा मनात ऐकतो ते पुण्या-मुंबईच्या सुरातच. त्या मातीतला निवेदक मिळाला तर तो मध्ये येत नाही, उलट आपण मध्ये घातलेली भिंत पाडतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये छापून आली. जिच्या तोंडून ती आली ती स्वतः कधी वाचक नव्हती. ती गाणी लेवा बोलीत वाढलेल्या माणसाच्या तोंडून ऐकणे हे छापील पानापेक्षा दुय्यम कसे ठरवणार?

अर्थात हे सारे चांगल्या निवेदकाविषयी झाले. यंत्राच्या आवाजात पुस्तके घाऊक काढण्याची जी लाट आता आली आहे तिच्याविषयी मला जराही आस्था नाही. 'चमचा'तला च आणि 'चिमटा'तला च हे लिपीत एक असले तरी तोंडात दोन आहेत. ज आणि झ यांचेही तेच. अर्थ कळल्याशिवाय कुठला उच्चार कुठे, हे ठरत नाही, आणि असे आवाज तिथे वारंवार अडखळतात. कुठे थांबायचे, कोणत्या शब्दावर भार द्यायचा, कुठे उपरोध आहे, हे तर पुढचे. सहा अधमांतला 'अर्थ न जाणणारा' तो हाच. अंध वाचकाला त्याच आठवड्यातले पुस्तक किंवा परीक्षेचे टिपण यंत्राच्या आवाजात तात्काळ मिळत असेल तर त्याचे मोल मी नाकारत नाही; पण पैसे घेऊन कादंबरी विकणाऱ्या प्रकाशकाने तेच करावे हे मला पटत नाही.

अंध वाचकांचा उल्लेख आला तेव्हा हेही सांगितले पाहिजे की बोलकी पुस्तके जन्मली तीच त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये १९३५ पासून ती तबकड्यांवर पोचू लागली. छापील मजकूर सुलभ रूपात मिळावा म्हणून २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. अंध वाचकांसमोर 'ऐकणे म्हणजे वाचन नव्हे' हे विधान मोठ्याने करून पाहावे, म्हणजे त्यातला उर्मटपणा आपोआप कानावर येतो. पण याच वर्तुळातून एक गंभीर इशाराही आला आहे, आणि तो ऑडिओबुकाच्या उत्साही समर्थकांनी ऐकावा असा आहे : केवळ आवाजावर वाढलेल्या अंध मुलांचे शुद्धलेखन आणि लेखनाची रचना कच्ची राहते, म्हणून ब्रेल सोडू नका, असे अंधांचे शिक्षक आणि संघटना वर्षानुवर्षे सांगत आहेत. अक्षराशी थेट गाठ पडल्याशिवाय लिहिता येत नाही, हे ज्यांना कानाचा सर्वाधिक आधार आहे तेच सांगतात.

हा इशारा मुलांच्या सुट्टीला तंतोतंत लागू पडतो. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाचे एक सूत्र मांडले, जे आजही शिक्षणशास्त्रात वापरले जाते : वाचून होणारे आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. खुबी आहे ती गुणाकारात. दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही असून उत्तर शून्यच येते. 'असर' या शालेय शिक्षणाविषयीच्या अहवालासाठी झालेल्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्केच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेल्या मुलांच्या हाती सुट्टीत फोन देऊन गोष्टी लावल्या, तर गुणाकारातली एकच बाजू वाढत राहील. पण नुसती अक्षरे गिरवून घेतली आणि कानावर समृद्ध भाषा पडूच दिली नाही, तर दुसरी बाजू खुंटेल. आपल्या बहुतेक शाळांत पहिलीपासून हेच होते, आणि मग पाचवीतले मूल 'स्वातंत्र्य' हा शब्द अडखळत का होईना वाचते, पण ज्या वाक्यात तो आला त्याचा अर्थ सांगू शकत नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत 'ऐकणे की वाचणे' हा प्रश्नच काढून टाकावा आणि दोन्ही एकाच वेळी द्यावीत. शेजारची चौथीतली एक मुलगी पुस्तक मांडीवर उघडे ठेवून आजोबांचे वाचन ऐकते. ओळीखाली तिचे बोट सरकत असते, जोडाक्षर किंवा रफार आला की ते थबकते, आवाज पुढे निघून जातो आणि मग ती ओरडते, 'आजोबा, थांबा ना, कुठे गेलात?' रेकॉर्डिंगला असे थांबवून विचारता येत नाही, पण पुस्तक समोर असेल तर रेकॉर्डिंगही पुष्कळ काम करते. सानेगुरुजींच्या 'श्यामची आई'ची प्रकरणे 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी आहेत. ते पुस्तक रोज रात्री एक याप्रमाणे ऐकावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच रात्र मुलाने स्वतः मोठ्याने वाचावी, यापेक्षा सोपी उन्हाळी योजना मला सुचत नाही.

मोठ्यांच्या यादीला एवढी शिस्त लागत नाही. लांबच्या प्रवासासाठी आणि घरकामासाठी सांगण्याच्या ढंगाची पुस्तके कानाला द्यावीत, म्हणजे आत्मकथने, ग्रामीण कथा, मोठ्या कादंबऱ्या. सकाळच्या गार वेळी युक्तिवादाची आणि आधारांची पुस्तके डोळ्यांपुढे घ्यावीत. आणि ऐकलेल्यांपैकी जे खरोखर आवडले ते विकत घेऊन फळीवर ठेवावे, कारण वर्गणी थांबली की अॅपमधले कपाट रिकामे होते.

मोठा प्रश्न सार्वजनिक ग्रंथालयांचा आहे. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, 'अ'पासून 'ड' वर्गापर्यंतची हजारो ग्रंथालये गावोगावी आहेत, आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी बारा ते पाच मुले उन्हामुळे घरात कोंडलेली असतात. खासगी वर्गणी ज्यांना परवडते त्यांनीच पुस्तके ऐकायची आणि बाकीच्यांच्या वाट्याला फक्त हा वाद यायचा, हे बरे नव्हे. या ग्रंथालयांनी सुट्टीत रोज तासभर एक खोली वाचून दाखवण्यासाठी उघडावी. गावात निवृत्त शिक्षक असतात, कीर्तनकार असतात, एकांकिका गाजवलेली कॉलेजची मुले असतात. एकाच पुस्तकाच्या आठ-दहा प्रती असतील तर दोघा-तिघांत एक प्रत द्यावी. ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुस्तकाच्या नावापुढे 'वाचले' की 'ऐकले' असा रकाना मुळीच नसावा. 'पूर्ण की संक्षिप्त' असा असावा, आणि वेगाचाही एक असावा. त्यात 'दुप्पट' असे लिहिणाऱ्याला ते पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा द्यावे.